निधनवार्तेचा आवाज

पुतळा आत्याने खोलीला आतून कडी घातली होती आणि काही केल्या ती उघडत नव्हती.

सूज शुक्रवारी आली. उजव्या जबड्याखाली, सुपारीएवढी. आत्याने दाढेत लवंग धरली, वरून हळदीचा लेप लावला आणि केळीला पाणी सोडायला वाडीत निघून गेली. शनिवारी सूज लिंबाएवढी झाली. रविवारी सकाळी तिच्या मुलाने, भूपेशने, वटारहून मनवेलपाड्याला रीमाला फोन केला तेव्हा सूज हनुवटीखालून डावीकडे सरकायला लागली होती.

“रीमाताई, आईचा तोंड उघडत नाय. पेज पन धड जात नाय,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आनि बोलते कशी सांगू? मामा शेवटी बोलत होते ना, तशी. जड.”

मामा म्हणजे रीमाचे वडील, बळीराम. आत्याचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. दाढ किडली होती. दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते चपला पायात सरकवून वाडीकडे चालू पडायचे. रीमा दर वेळी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून द्यायची. गोळ्यांनी दुखणं थांबायचं. आतला पू थांबला नाही. तो गळ्यात उतरला. आवाज जड झाल्यापासून श्वास थांबेपर्यंत चौदा तास गेले. हा आकडा रीमाने कुणालाही सांगितला नव्हता. भूपेशचा फोन ठेवला तेव्हा सव्वाआठ झाले होते, आणि नको म्हणत असतानाही तिचं मन पुढचे तास मोजायला लागलं.

रिक्षात बसल्याबसल्या तिने डॉक्टर विनयाला फोन लावला. विनया दाताची डॉक्टर. आगाशीच्या बाजारात तिचा दवाखाना होता.

“थुंकी गिळता येतेय का त्यांना?” विनयाने विचारलं.

“भूपेश म्हणतो, येतेय.”

“तोंडात किती बोटं मावतात?”

“एक. तेही कसंबसं.”

“जीभ वर उचलल्यासारखी दिसते का? श्वासाला घरघर?”

“अजून नाही.”

“मग आज दुपारच्या आत मला त्या इथे हव्यात, रीमा. उद्या नाही. संध्याकाळीही नाही. आणि घरघर सुरू झाली, तर माझ्याकडे येण्यात एक मिनिटही घालवू नका. सरळ मोठं हॉस्पिटल.”

रीमाने “बरं” म्हटलं.

वटारला पोचली तर भूपेश ओटीवर घामाघूम उभा. रात्री त्याने आईला उचलून गाडीत घालायचा प्रयत्न केला होता. आत्या साठीच्या पुढची असली तरी आयुष्यभर केळीचे घड उचललेली बाई. तिने पलंगाचा खूर असा धरला की पलंगच ओढला गेला. सकाळी परत हात लावायला गेला, तर ती टीव्हीच्या खोलीत शिरली आणि कडी लावून बसली.

“आत्या,” रीमाने दारावर हात ठेवला. “मी आलेय. जरा दार उघड. नुसतं बघते.”

आत काहीतरी हललं. मग टीव्हीचा आवाज मोठा झाला.

“आत्या, ऐक ना. घाबरण्यासारखं काही नाहीये...”

“गप!” आतून आवाज आला. जड होता, तोंडात गोळा धरून बोलावं तसा. “तू बोलू नको, रीमे. तू अजाबात बोलू नको. तुजा आवाज आयकला का माज्या पोटात गोला येतो.”

रीमाने भूपेशकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

“काय झालं? माझ्यावर राग आहे का तिचा?”

“राग नाय गं.” भूपेश मान खाजवू लागला. “तुझी ती जाहिरात लागते ना, दातांची. ती लागली का आई टीव्ही बंद करते. आईच काय, आख्खा पाडा करतो. मागल्या आठवड्यात तुमच्या त्या रिक्षावर कर्णा लावून तीच फिरवली ना इथं? माझी चुलती भाकरी थापत होती, ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हनते, कोन गेला रं?”

रीमा ओटीच्या कडेला बसली.

गेली अकरा वर्षं ती शत्रुघ्नच्या केबल चॅनलवर निधनवार्ता वाचत होती. विरारपासून अर्नाळ्यापर्यंत घराघरांत हे चॅनल दिसायचं. हळदी, पालख्या, रविवारच्या क्रिकेट स्पर्धा सगळं थेट दाखवायचे, आणि सकाळी आठला व संध्याकाळी सातला निधनवार्ता. हार घातलेला फोटो, मागे तानपुरा, आणि रीमाचा आवाज: अमुक पाड्यातील अमुक यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले, अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. फोन आता सगळ्यांच्या हातात होते. तरी मयताला किती वाजता निघायचं हे म्हाताऱ्या माणसांना तिच्याच तोंडून ऐकायचं असायचं. वडिलांची वार्ताही तिनेच वाचली. दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. एकदाही न अडखळता वाचली आणि मग जिन्यात जाऊन उभी राहिली.

दोन महिन्यांपूर्वी भागातले आठ-दहा दंतवैद्य शत्रुघ्नकडे आले होते. लोक भीतीपायी दात सडवून घेतात, शेवटच्या घटकेला येतात; चॅनलवरून ही भीती घालवता येईल का, असं त्यांचं म्हणणं होतं. रीमाने ते काम मागून घेतलं. मजकूर तिने लिहिला, रात्र रात्र बसून. “दातांच्या डॉक्टरांना घाबरू नका. आज सुई दुखत नाही. वेळेवर या.” आवाजही तिचाच. शत्रुघ्न म्हणाला होता, “ताई, तुमचा आवाज नाही ओळखत असं एक घर नाही इथे.” तेच खरं होतं. महिनाभर जाहिरात चालली. विनया एकदा चाचरत म्हणाली होती, येणारे पेशंटही कमी झालेत गं, काय झालंय कळत नाही.

आता कळलं. सगळ्या गावांना तिने त्याच आवाजात सांगितलं होतं, घाबरू नका. आणि गावांनी हार घातलेल्या फोटोची वाट पाहिली होती.

“आत्या,” असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. साडेदहा झाले होते. समजावायला तिच्याकडे जी एक गोष्ट होती, म्हणजे आवाज, तिनेच आत्या आणखी आत सरकत होती.

भूपेश म्हणाला, “दार तोडू?”

“तोडून नेलीस तरी तोंड कोण उघडणार तिचं? डॉक्टरला चावेल ती.”

“चावलीच तर बरा,” भूपेश म्हणाला, “तेवढा तरी तोंड उघडल.” आणि त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आतून एक आवाज आला. रीमाला आधी वाटलं, घरघर. ती दाराला कान लावून उभी राहिली. घरघर नव्हती. आत्या हसली होती. टीव्हीवर आगाशीच्या मैदानावरची स्पर्धा चालू होती आणि समालोचन अल्पेश करत होता.

“... आणि चेंडू गेलाय थेट सिप्रियन काकांच्या तबेल्यात! म्हशीने अडवला, चौकार वाचला! म्हशीला आजचं उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचं बक्षीस द्या, आयोजक!”

आत परत तेच, घशात अडकत आलेलं हसू. आणि लगेच कण्हणं, कारण हसल्याने जबडा दुखला असणार.

अल्पेश पस्तिशीचा, दिवसा दूध संघाच्या टेम्पोचा हिशेब बघणारा आणि रविवारी सगळ्या मैदानांचा लाडका. बायका स्वयंपाकघरातून त्याचं बोलणं ऐकायच्या, एक धाव म्हणजे काय हे ठाऊक नसताना.

रीमा अंगणात गेली आणि शत्रुघ्नला फोन लावला.

“मॅचची जेवणाची सुट्टी कधी आहे?”

“साडेअकरा ते सव्वाबारा. का?”

“तो पाऊण तास मला द्या. विनयाच्या दवाखान्यातून थेट दाखवायचं. अल्पेश बोलेल. जसं मॅचचं बोलतो तसंच.”

“कशाचं बोलेल? कोण आहे पेशंट?”

रीमाने जिभेने दाढ चाचपली. उजवीकडे मागची खालची दाढ तीन वर्षांपूर्वी तुटली होती. ती डाव्या बाजूने चावत होती, थंड पाणी डाव्या गालात धरत होती. जाहिरातीच्या वेळी विनयाने सहज तिचं तोंड पाहिलं होतं आणि म्हणाली होती, ही काढावीच लागेल, कधी बसतेस? रीमाने तारीख दिली नव्हती. ‘आज सुई दुखत नाही’ हे वाक्य तिने ऐकीव माहितीवर लिहिलं होतं.

“मी,” ती म्हणाली.

“ताई, तुम्ही बोलायच्या नाहीत ना पण? माफ करा, पण लोक...”

“माहीत आहे. मी एक शब्दही बोलणार नाही.”

आगाशीच्या वाटेवर तिला दोनदा वाटलं, रिक्षा थांबवावी. भूपेश दाराशी बसला होता. श्वास ऐकत राहा, घरघर वाटली तर दार तोड आणि गाडी काढ, असं त्याला बजावलं होतं. फोन तिने हातातच धरला होता. तो वाजला तर काय ऐकायला मिळेल या विचाराने तो वाजूच नये असं वाटत होतं.

विनयाने सगळं ऐकून घेतलं. ती साताऱ्याकडची, कमी बोलणारी. “खरंच काढायची? कॅमेऱ्यापुरतं नुसतं बसलीस तरी चालेल.”

“आत्याला कळेल,” रीमा म्हणाली.

“ठीक. मग एकच सांगते. डावा हात मोकळा ठेव. दुखलं, भीती वाटली, नुसतं थुंकावंसं वाटलं, तरी हात वर कर. मी थांबेन. हातात काय आहे ते न बघता थांबेन.”

खुर्ची मागे झुकली. डोक्यावरचा दिवा लागला तशी रीमाला खोली दिसेनाशी झाली. फक्त पांढरं आणि त्यात विनयाचे डोळे. बाजूच्या ताटलीत लोखंडाचा किणकिणाट झाला. एवढ्याशा आवाजाने तिच्या मांड्या थरथरू लागल्या. तिला हसू नाही आलं, लाजही नाही वाटली. फक्त एक गोष्ट फार स्पष्ट कळली. बाबा वाडीकडे चालू पडायचे ते हट्टाने नाही. त्यांचे पाय त्यांना न विचारता निघायचे. आणि ती मागून ओरडायची, काय लहान मुलासारखं करता.

“नमस्कार मंडळी!” अल्पेशचा आवाज खोलीत मावत नव्हता. “मैदानावर खेळाडू जेवतायत, पण आपला खेळ चालू आहे! खेळपट्टी आहे डॉक्टर विनया मॅडमचा दवाखाना. आणि फलंदाजीला कोण आहे बघा. रीमाताई! होय, त्याच! घाबरू नका, आज ताई काही वाचणार नाहीत. आज त्यांचंच तोंड बंद आहे. म्हणजे उघडं आहे, पण बंद आहे!”

कुणीतरी खिदळलं. रीमाने हात वर केला.

विनया थांबली. सुई अजून तोंडाजवळही आली नव्हती.

“अरे! ताईंनी हात वर केला! पहिला चेंडू पडायच्या आधीच खेळ थांबला! डॉक्टर मॅडमनी सुई खाली ठेवली, बघा कॅमेऱ्यात, खाली ठेवली! दोन पावलं मागे! पंचांचा शब्द शेवटचा आणि आज पंच आहेत ताई!”

रीमाने तीन श्वास घेतले आणि मान हलवली. सुई आली. दुखली. ती लिहून बसली होती की दुखत नाही. लाल मुंगी चावावी तशी दुखली, आणि मग हिरडी जड होत गेली. तिने हात वर केला. विनया थांबली.

“दुखलं ताईंना! लपवणार नाही मंडळी, दुखलं, डोळ्यांत पाणी आलंय. पण मॅडम बघा, पुतळ्यासारख्या उभ्या!”

दहा मिनिटं जबडा बधिर व्हायची वाट बघण्यात गेली. अल्पेशने त्या वेळात दाढेचा इतिहास सांगितला, तीन वर्षं खेळपट्टीवर ठाण मांडून बसलेली, धावा एकही नाही. रीमाच्या कानात त्याचं अर्धंच शिरत होतं. आत्याच्या घरातला टीव्ही चालू आहे की नाही? दिसलं चॅनलवर आपलं तोंड, आणि आत्याने बंद केला तर? बारा वाजत आले होते. चौदातले पावणेचार गेले. ती स्वतःला सांगत होती की आत्या म्हणजे बाबा नाही, प्रत्येकाला चौदाच तास मिळतात असं कुणी ठरवलेलं नाही. ते काही मनाला पटत नव्हतं.

मग पकड आली. दुखत नव्हतं, पण कवटीत कुणी फळी उपटतंय असा आवाज आत येत होता. हात आपोआप वर गेला. विनयाने पकड सोडली. परत. परत हात. परत थांबणं. विनयाच्या कपाळावर घाम होता, तरी एकदाही तिने “झालंच, अजून थोडं” म्हटलं नाही.

रीमाच्या पोटावर ठेवलेला फोन वाजला. भूपेशचं नाव.

तिला उचलता येईना. तोंडात कापूस होता. तिने फोन अल्पेशकडे ढकलला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो ऐकत होता. त्याचा चेहरा गंभीर झाला. तिला वाटलं, संपलं.

“आजींचा प्रश्न आहे,” अल्पेश म्हणाला. माइक विसरून, साध्या आवाजात. मग त्याने फोन माइकला लावला, आणि सगळ्या घराघरांत पुतळा आत्याचा दाराआडचा, जड, ओढत आलेला आवाज गेला.

“त्या बाईला विचार. हात वर केला का खरंच थांबते, का टीवीपुरती?”

विनया कॅमेऱ्याकडे वळली. “खरंच थांबते, आजी. शंभर वेळा वर केलात तर शंभर वेळा. पण तुम्ही आत्ता या. लगेच. दाढ नाही काढणार आज, फक्त पू काढायचाय.”

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, “तिचा दात काढून टाक आदी. तो अर्धा सोडून मी आले तर मना पाप लागल.”

दाढ निघाली तेव्हा अल्पेश मैदानावर ओरडतो तसा ओरडला. रीमाला ते ऐकू आलं नाही. ती दाराकडे बघत होती.

वीस मिनिटांनी भूपेशची गाडी बाजारात आली. आत्या उतरली, डोक्यावरून पदर हनुवटीखाली घट्ट बांधलेला. पायरीशी थांबली. मागे वळली. भूपेशने तिला हात लावला नाही. रीमाने त्याला खुणेनेच अडवलं होतं. आत्या पुन्हा वळली आणि चढली. खुर्चीत बसताना तिने रीमाचं मनगट धरलं, आणि त्या पकडीत पलंग ओढणाऱ्या बाईची सगळी ताकद होती. दुसरा हात तिने आधीच वर धरला होता.

“अजून मी काही केलं नाही, आजी,” विनया म्हणाली.

“बगते. थांबतेस का बगते.”

विनया थांबून राहिली. आत्याने हात खाली घेतला. लगेच वर. विनया परत थांबली. असं किती वेळा झालं कुणी मोजलं नाही. कॅमेरा बंद होता, अल्पेश मैदानावर परत गेला होता, बाहेर नारळवाल्याशी कुणी हुज्जत घालत होतं. रीमाची नजर आत्याच्या गळ्यावरून हलत नव्हती. सुजेखाली काहीतरी वर-खाली होत होतं. होत आहे तोवर ठीक, एवढंच ती मनात म्हणत होती. विनयाने सुई दिली, चीर घेतली. आत्या आतल्या आत किंचाळली, हात उचलला, विनया थांबली. हात खाली आला. मग एक घाण वास सुटला आणि वाटीत पिवळं, रक्ताने माखलेलं बरंच काही पडलं. विनया दाबत राहिली, बघत राहिली. शेवटी तिने आरशाने जीभ खाली दाबून आत पाहिलं, आणि तिचे खांदे सैल झाले.

“गळ्यात उतरलं नाहीये. दोन दिवस हॉस्पिटलात सलाईनवर राहावं लागेल, मी फोन करते. पण वेळेत आलात.”

भूपेश बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आत्याने गुळणी केली, तोंड पुसलं. जबडा चाचपला. आवाज अजून भरलेला होता, पण शब्द आता सुटे येत होते. तिने ताटलीतल्या हत्यारांकडे, दिव्याकडे, विनयाकडे एकेक करून पाहिलं. मग रीमाकडे.

“एवडाच होता?” ती म्हणाली. “एवडाच होता, तर दादाला का नाय दाखवला कोनी असा?”

रीमाचं अर्धं तोंड बधिर होतं. तिने डब्यातला नवीन कापूस उचलला आणि आत्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारं रक्त टिपलं. आत्याने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. बाहेर भूपेशने गाडी सुरू केली तरी सोडलं नाही.